कढईतला पास्ता आणि बेनिनची मिरी



पास्ता आता आपल्या घरांना नवा राहिलेला नाही. मुलांच्या डब्यात तो असतो, भिशीच्या दिवशी असतो, आणि लग्नाच्या जेवणात तर 'जैन पास्ता' अशी पाटी लावलेला वेगळा काउंटरच असतो. लाल सॉस, पांढरा सॉस हे सगळं करून आपण कंटाळलो आहोत. आज ज्या पास्त्याबद्दल लिहिणार आहे त्याला सॉस लागत नाही. उकडलेला पास्ता शेंगदाण्याच्या तेलावर, भाज्यांबरोबर, मोठ्या आचेवर परतायचा आणि वरून पश्चिम आफ्रिकेतला 'याजी' नावाचा कोरडा मसाला घालायचा. माझी भाचेसून नवऱ्याच्या नोकरीमुळे लागोसला असते, तिच्याकडून हा मसाला मला कळला. कृती शेवटी दिली आहे, पण आधी थोडा इतिहास वाचा. मी कॉमर्सची. कुठलीही वस्तू हातात आली की ती कोणी कोणाला काय भावाने विकली, हे मला आधी बघावंसं वाटतं. या मसाल्याचा हिशोब बघता बघता मी फार लांब जाऊन पोहोचले.

याजी हा उत्तर नायजेरियातल्या हौसा लोकांचा मसाला. कानो हे त्यांचं जुनं, मोठं व्यापारी शहर. याजीत शेंगदाण्याची पेंड, सुंठ, लाल मिरची, लवंग आणि तिकडचे मिऱ्यासारखे दाणे असतात. पेंड वाचून हसू नका. आपल्याकडे घाण्याची पेंड गुरांना जाते. तिकडे बायका घरीच भाजलेले दाणे वाटतात, गरम पाण्याचा हात लावून ते मळत राहतात आणि तेल पिळून काढतात. उरलेल्या गोळ्याच्या कांड्या वळून त्याच तेलात तळतात. त्या झाल्या 'कुली-कुली'. नुसत्या खायच्या, नाहीतर कुटून मसाल्यात घालायच्या. सोलापूरची शेंगाचटणी आपण घरी लसणाशिवाय करतो ना, दाणे, तिखट, जिरं, मीठ खलबत्त्यात कुटून? याजी तिची लांबची बहीण म्हणायला हरकत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. तिकडच्या बाजारात हा मसाला मांसाच्या तुकड्यांना लावून भाजतात, त्या पदार्थाला 'सुया' म्हणतात, म्हणून पाकिटावर 'सुया मसाला' असं नाव असतं. मसाला मुळात दाण्यांचा आणि वनस्पतींचाच. पण विकतच्या पाकिटात कांदा-लसणाची पूड असते आणि बरेचदा स्टॉकच्या वड्यांचा चुराही असतो. त्यामुळे आपण घरीच करायचा.

आता कोणी म्हणेल, इटलीचा पास्ता आणि आफ्रिकेचा मसाला, हे काय नवीन फ्यूजन! मलाही तसंच वाटलं होतं. पण हौसा घरांत 'तालिया' नावाचा पदार्थ असतो. गव्हाच्या पिठाच्या बारीक लांब शेवया घरी पाडायच्या, उन्हात वाळवायच्या आणि लागतील तशा शिजवून वर शेंगदाण्याचं तेल आणि याजी घालून खायच्या. आपण उन्हाळ्यात शेवया आणि कुरडया करून गच्चीवर वाळत घालतो, तसंच वाळवण आहे हे. म्हणजे मी ज्याला फ्यूजन म्हणत होते ते कानोच्या बायकांचं साधं घरगुती जेवण निघालं.

'तालिया' हा शब्द ऐकला की मला जुना अरबी शब्द 'इत्रिय्या' आठवतो. इत्रिय्या म्हणजे वाळवलेल्या शेवया. अल्-इद्रिसी नावाच्या भूगोलकाराने ११५४ साली सिसिलीच्या राजासाठी ग्रंथ लिहिला, त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाची नोंद आहे. तिथे भरपूर इत्रिय्या होते आणि गलबतांतून आजूबाजूच्या देशांत पाठवली जाते, असं त्याने लिहिलं आहे. वाळलेला माल टिकतो आणि टिकतो तो लांब जातो, हे व्यापाऱ्याला सांगावं लागत नाही. सिसिलीच्या दक्षिणेला समुद्र, समुद्रापलीकडे उत्तर आफ्रिका, आणि तिथून उंटांच्या तांड्यांच्या वाटा सहाराचं वाळवंट ओलांडून थेट कानो आणि मालीपर्यंत जात होत्या.

या वाटेवरून गेलेला एक माणूस आपल्याला ओळखीचा आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. महंमद तुघलकाच्या दरबारात त्याने नोकरी केली, आपलं दौलताबाद पाहिलं, नंदुरबारही पाहिलं. नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल त्याने लिहिलं आहे की हे लोक भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, प्राण्यांना त्रास देणं किंवा मारणं त्यांना आवडत नाही. सातशे वर्षांपूर्वी परक्या माणसाने आपल्या मुलखाच्या स्वयंपाकघराबद्दल केलेली ही नोंद वाचून मला फार बरं वाटलं.

हाच इब्न बतूता १३५२ साली सहारा ओलांडून माली राज्यात गेला. त्याने एक व्यवहारी सूचना लिहून ठेवली आहे. त्या देशात फिरताना शिधा नको, नाणी नकोत. मिठाचे तुकडे, काचेचे मणी आणि थोडा सुगंधी माल बरोबर ठेवावा. तेवढ्यावर गावोगावच्या बायका ज्वारी-बाजरीसारखं धान्य, दूध, तांदूळ, पीठ आणून देतात. त्या सुगंधी मालात त्याने लवंगेचं नाव घेतलं आहे. लवंग तेव्हा फक्त इंडोनेशियाकडच्या मोलुक्का बेटांवर पिकत होती. ती आपल्या बंदरांवरून अरबस्तानात, तिथून सहारा ओलांडून मालीच्या खेड्यात जाऊन एका बाईच्या हातात पडत होती. लवंगेला हौसा भाषेत 'कानुम्फारी' म्हणतात, आणि अरबीत 'करनफुल'. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघा.

त्याने तिथे आणखी एक ओळखीची वस्तू पाहिली. कवडी. मालदीव बेटांवरच्या कवड्या तिथे पैसा म्हणून चालत होत्या. तो आधी मालदीवला काझी होता, त्यामुळे त्याला ती लगेच ओळखू आली. सोन्याच्या एका दिनाराला ११५० कवड्या, असा भावही त्याने दिला आहे. ही कवडी लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

जाता जाता त्याच्या पोटाची गोष्टही सांगते. मालीला पोहोचल्यावर दहा दिवसांनी त्या लोकांनी अळकुडीसारख्या एका कंदाची लापशी खाल्ली. सहाच्या सहा जण आजारी पडले, एक दगावला, इब्न बतूता दोन महिने अंथरुणाला होता. कंदमूळ नको म्हणणाऱ्या सासूबाई हे वाचून काय म्हणाल्या असत्या, ते तुम्ही मनातच म्हणा.

लवंग त्या बाजूला जात होती, तसा तिकडूनही एक मसाला येत होता. त्याचं युरोपातलं नाव 'स्वर्गाचे दाणे'. पोर्तुगीज त्याला मालागेटा म्हणत. वेलदोडा, आलं, हळद यांच्याच कुळातलं हे झाड आजच्या लायबेरिया, घाना, नायजेरियाच्या ओल्या जंगलात वाढतं. लालसर बोंडात तपकिरी बारीक दाणे असतात. चावले की आधी वेलदोड्याचा वास आणि मग मिऱ्याचा तिखटपणा. हे दाणे उंटावरून भूमध्य समुद्राच्या काठी पोहोचत. विकणारा ते कुठून आले हे सांगत नसे, मग स्वर्गातून आले म्हटलं की भावही चांगला मिळे. पॅरिसमधल्या एका गृहस्थाने १३९३ च्या सुमारास आपल्या तरुण बायकोसाठी घर कसं चालवावं याचं पुस्तक लिहिलं होतं. त्यातल्या मसाल्यांत दालचिनी आणि सुंठीबरोबर हे स्वर्गाचे दाणे आहेत.

असा चांगल्या भावाचा माल दिसल्यावर मधले दलाल नकोसे होतात. पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली सरकू लागली. १४६९ साली पोर्तुगालच्या राजाने लिस्बनच्या फर्नाओ गोमेश नावाच्या व्यापाऱ्याला गिनी किनाऱ्याचा मक्ता दिला. वर्षाला दोन लाख रेआल भरायचे आणि दरवर्षी शंभर लीग नवा किनारा शोधायचा. मालागेटाच्या व्यापाराची मक्तेदारी मात्र यात धरलेली नव्हती. तिचे वर्षाला आणखी एक लाख रेआल. एका मसाल्यासाठी मूळ मक्त्याच्या निम्मी रक्कम वेगळी मोजायला व्यापारी तयार होता, यावरून त्या दाण्यांत नफा किती असेल याचा अंदाज करा. त्या किनाऱ्याचं नाव नकाशात 'मालागेटा किनारा' असंच पडलं.

१४८० च्या दशकात पोर्तुगीज बेनिनच्या राज्यात पोहोचले. हे बेनिन म्हणजे आजचा बेनिन नावाचा देश नव्हे. नायजेरियातल्या आजच्या बेनिन शहराभोवतीचं ते मोठं, नीट बांधलेलं राज्य होतं. तिथे त्यांना खरी मिरी सापडली. आपल्या काळ्या मिऱ्याची सख्खी चुलत बहीणच, फक्त दाण्याला बारीक देठ चिकटलेला असतो, आपल्या कबाबचिनीसारखा. पोर्तुगीजांनी तिला शेपटीची मिरी म्हटलं. नमुना फ्लँडर्सच्या बाजारात पाठवला, तिथे पसंत पडला, चांगला भाव आला. बेनिनच्या बंदरगावी, उगोटोनला, पोर्तुगीजांनी वखार घातली.

आणि मग १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला.

आपण शाळेत हे वाक्य किती वेळा पाठ केलं आहे. त्यानंतर आपल्याकडे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. बेनिनमध्ये काय झालं ते मला आत्ताच कळलं. मलबारची मिरी थेट लिस्बनला येऊ लागल्यावर राजाच्या खजिन्याचा सगळा डाव तिच्यावर लागला. लांबचा प्रवास, मोठी जहाजं, बुडालेली जहाजं, लढाया, हा सगळा खर्च मलबारच्या मिऱ्याच्या भावातून निघायचा होता. मग जवळून आणि स्वस्तात येणारी बेनिनची मिरी बाजारात राहिली तर भाव पडणार. १५०६ च्या सुमारास राजाने तिचा व्यापार बंद केला. उगोटोनची वखारही त्याच सुमारास उठली.

चवीला वाईट म्हणून ती मिरी गेली नाही. बाजारात हरली असंही नाही, तिला बाजारात उभंच राहू दिलं नाही. आपल्या मिसळणाच्या डब्यातली मिरी जगभर 'मसाल्यांचा राजा' झाली, त्यात तिच्या गुणांचा वाटा आहेच. पण तिच्या चुलत बहिणीला दाराबाहेर ठेवण्याच्या एका हुकुमाचाही आहे. हे वाचल्यापासून मिरी कुटताना मला ती बाहेर ठेवलेली दुसरी आठवते.

मिरी नको झाली, पण जहाजं यायची थांबली नाहीत. मिरी घ्यायला सुरुवात झाली तेव्हापासूनच त्या किनाऱ्यावर माणसंही विकत घेतली जात होती. काही सोन्याच्या बदल्यात घानाच्या किनाऱ्यावर विकली जात, काही साओ टोमे बेटावर उसाच्या मळ्यांत नेली जात. बेनिनच्या राजाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरुष गुलाम विकायला बंदी घातली, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं. पण किनारा लांब होता आणि विकणारे पुष्कळ होते. पुढच्या साडेतीनशे वर्षांत सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेतून जहाजांत कोंबून अटलांटिकपलीकडे पाठवली गेली.

आणि आपले स्वर्गाचे दाणे त्या जहाजांवर होते. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ पुन्हा उघडलं नाही.

१६९३-९४ साली 'हॅनिबल' नावाचं इंग्रज जहाज आजच्या बेनिन देशातल्या व्हिडा बंदरावर गेलं. कप्तान थॉमस फिलिप्सने आपला प्रवास सविस्तर लिहिला आहे. व्हिडाला कशाला मागणी आहे, तर सगळ्यात जास्त कवड्यांना, असं तो लिहितो. हिंदी महासागरातल्या कवड्या जहाजांतून युरोपात नेत आणि तिथून या किनाऱ्यावर आणून त्यांनी माणसं विकत घेत. आपण 'कवडीमोल' किती सहज म्हणतो! फिलिप्सने सुमारे सातशे माणसं घेतली. वाटेत त्यांना मक्याच्या पिठाची पेज देत. तिला चव यावी म्हणून मीठ, पामचं तेल आणि मालागेटा. ज्या दाण्यांसाठी पॅरिसच्या गृहस्थाने पैसे मोजले तेच हे दाणे. हगवणीवर ते गुणकारी आहेत असा समज होता, म्हणून गुलामांच्या जहाजांवर ते मुद्दाम बरोबर घेत.

बार्बाडोसला पोहोचेपर्यंत ३२० माणसं मेली. ३७२ उतरवली. फिलिप्सने या मृत्यूंचा हिशोब मांडला आहे. एक माणूस मेला की कंपनीचं दहा पौंड नुकसान आणि जहाजाच्या मालकांचं दहा पौंड दहा शिलिंग. एकूण तोटा जवळजवळ ६५६० पौंड. मी कागद घेऊन गुणाकार केला. वीस पौंड दहा शिलिंग गुणिले तीनशे वीस. बरोबर ६५६०. एका शिलिंगाची चूक नाही. हिशोब इतका चोख होता, आणि त्यात एकाही माणसाचं नाव नाही.

मैत्रिणींनो, आपला समाज वह्यांचा समाज आहे. दिवाळीला वहीपूजन करताना आपण वहीला कुंकू लावतो, कारण वही खोटं बोलत नाही असं आपल्याला शिकवलं आहे. फिलिप्सची वहीही खोटं बोलत नव्हती. म्हणूनच मला वाटतं, वही बरोबर असणं पुरत नाही, वहीत काय लिहायचं नाही हे आधी ठरलेलं असावं लागतं. आचार्य हेमचंद्रांनी १२ व्या शतकात योगशास्त्रात श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे सांगितले, ती पंधरा कर्मादानं. प्रतिक्रमणात आपल्यापैकी अनेकजणी ती नावं भराभर म्हणून जातात. त्यात एक नाव आहे 'केशवाणिज्य'. मला लहानपणी वाटायचं, हा केसांचा व्यापार असेल. त्याचा अर्थ आहे केस असलेल्या जीवांचा, म्हणजे दोन पायांच्या आणि चार पायांच्या प्राण्यांचा व्यापार. माणूस त्यात पहिला. त्राबियाच्या शेवयांची नोंद झाली त्याच शतकात, गुजरातेत बसून, एका आचार्यांनी व्यापारी श्रावकांना हे लिहून दिलं होतं. नफा किती हा प्रश्न नंतरचा, आधी माल कोणता ते बघा.

हे लिहिताना आपण फार वरचे, असं मात्र मला सुचवायचं नाही. आपल्या देशातही माणसं विकली गेली आणि विकत घेतली गेली. अहमदनगरची निजामशाही ज्याने सांभाळली तो मलिक अंबर इथिओपियातून, हातोहात विकला जात, दख्खनमध्ये आला होता. नियम लिहून ठेवावा लागला, याचाच अर्थ तो मोडणारेही होते.

राजाने बंद केलेल्या बेनिनच्या मिऱ्याचं पुढे काय झालं? युरोपच्या वह्यांतून ती गेली, स्वयंपाकघरातून गेली नाही. आजही दक्षिण नायजेरियात इग्बो घरांत बाळंतिणीला जे गरम कढण देतात त्यात ही मिरी असते. तिला ते 'उझिझा' म्हणतात. बरोबर 'उडा' नावाच्या धुरकट वासाच्या काळ्या शेंगा असतात. बाळंतीण बाईच्या अंगात ऊब यावी, पोट साफ व्हावं म्हणून. आपली आई सुंठ-पिंपळी घालून जे देत होती, त्याचाच हेतू. पाचशे वर्षं कुठल्याही राजाच्या परवानगीशिवाय आयांनी आणि सासवांनी ही मिरी आपल्या लेकी-सुनांच्या वाटीत घातली, म्हणून ती टिकली. याचा जमाखर्च कोणी ठेवलेला नाही.

शेंगदाणा आणि लाल मिरची या दोन गोष्टी मूळच्या अमेरिकेच्या. सोळाव्या शतकात त्या पोर्तुगीजांच्या जहाजांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आल्या. मिरची गोव्याच्या वाटेने आपल्याकडेही आली. गंमत म्हणजे ब्राझीलमध्ये आज 'मालागेटा' म्हटलं की मिरची मिळते. दाण्यांचं नावही मिरचीने घेतलं. याजी बघितला तर त्यात सुंठ आशियातली, लवंग मोलुक्काची, मिरची आणि दाणे अमेरिकेचे, आणि मिऱ्यासारखे दाणे तिथल्या जंगलातले. चार दिशांचा माल एका खलबत्त्यात आणला तो हौसा बायकांनी.

शेंगदाण्याचा पुढचा अध्याय कानोचा. इंग्रजांनी १९१२ मध्ये कानोपर्यंत रेल्वे सुरू केली ती कापसासाठी. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. पण कानोच्या शेतकऱ्याने हिशोब केला. कापसाचा भाव पडला तर कापूस खाता येत नाही, शेंगा खाता येतात. त्याने शेंगा लावल्या, आणि रेल्वे शेंगांच्या पोत्यांनी भरून गेली. पुढे कानोत पोत्यांचे इतके उंच मनोरे रचले जात की लोक त्यांना शेंगदाण्याचे पिरॅमिड म्हणू लागले.

या व्यापारात सगळ्यात मोठा झाला तो अल्हसन दान्ताता. त्याचे वडील लवकर वारले. आई स्वतः व्यापार करायची, ती अक्राला निघून गेली. मुलाला वाढवलं ते घरातल्या एका म्हाताऱ्या गुलाम बाईने. तिचं नाव ताता. हौसा भाषेत 'दान' म्हणजे मुलगा. दान्ताता, म्हणजे ताताचा मुलगा. तो पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक झाला, पण हेच नाव त्याने आयुष्यभर लावलं आणि त्याच्या पुढच्या पिढ्याही हेच लावतात. आफ्रिकेतले प्रसिद्ध उद्योगपती अलिको डांगोटे हे त्याच्या नातीचे चिरंजीव, आणि त्यांच्या उद्योगसमूहाने नायजेरियात पास्त्याचा कारखानाही चालवला. फिलिप्सच्या हिशोबात ३२० माणसांना नाव नव्हतं. इथे एका गुलाम बाईचं नाव एका मोठ्या व्यापारी घराण्याचं आडनाव होऊन बसलं आहे. ही गोष्ट मी सुनेला आणि मुलाला दोनदा सांगितली.

पश्चिम आफ्रिकेची चव आपल्याला परकी वाटेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एकच सांगते. भोगीला आपण तीळ लावून जी बाजरीची भाकरी करतो, ती बाजरी मूळची पश्चिम आफ्रिकेची. सगळ्यात जुने पुरावे मालीतले, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. तिथून ती आपल्याकडे येऊन साडेतीन हजार वर्षं तरी झाली. चवळीही तिकडचीच. त्यामुळे याजीला आपल्या ओट्यावर जागा द्यायला फार विचार करायचं कारण नाही.

आता कृती. चार माणसांना पुरेल असं प्रमाण देते.

याजीसाठी अर्धी वाटी शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून, सालं काढून, पूर्ण गार करा. मिक्सर थांबत थांबत फिरवून भरड करा. सलग फिरवला तर तेल सुटून गोळा होईल. ही भरड स्वच्छ सुती कापडात बांधून घट्ट दाबा, थोडं तेल कापडाला लागेल. आपली कुली-कुली एवढीच. मग चार लवंगा, अर्धा चमचा मिरी, सात-आठ दाणे कबाबचिनी आणि एका मोठ्या वेलचीचे दाणे किंचित गरम करून बारीक कुटा. कबाबचिनी बेनिनच्या मिऱ्याच्या जागी आहे आणि मोठी वेलची धुरकट वासासाठी. स्वर्गाच्या दाण्यांऐवजी दोन हिरव्या वेलचीचे दाणे टाका. यात एक चमचा सुंठपूड, दीड चमचा लाल तिखट, चवीपुरतं मीठ घालून भरड मिसळा. तिकडे हा मसाला मुळातच सुंठीचा असतो, त्यामुळे ओल्या आल्याचा प्रश्नच येत नाही. तिकडच्या रश्शांत आंबवलेल्या बियांचा 'दावादावा' घालतात, तो आपण सोडून द्यायचा. भाजलेल्या दाण्यांच्या खमंगपणावर काही अडत नाही.

पाव किलो रव्याचा, अंडं नसलेला पास्ता मिठाच्या पाण्यात थोडा कच्चट ठेवून उकडा आणि निथळून तेलाचा हात लावून ठेवा. लोखंडी कढईत दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल चांगलं तापवा. ढोबळी मिरची, फरसबी, मक्याचे दाणे मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परता, भाज्या करकरीत राहिल्या पाहिजेत. दोन टोमॅटो बिया काढून लांब चिरून घाला, लगेच पास्ता घाला, दोन मिनिटं उलटसुलट करा. आता गॅस बंद करा आणि मगच तीन मोठे चमचे याजी वरून घाला. दाण्याची भरड आचेवर पटकन जळते आणि कडू होते. वर लिंबू पिळा. उरलेला मसाला काचेच्या बरणीत भरून आठवड्याभरात संपवा, दाण्याला खवट व्हायला वेळ लागत नाही. चातुर्मासात ज्यांचे नियम आहेत त्यांनी त्या दिवसापुरताच करावा, आणि विकतच्या पास्त्याऐवजी घरच्या शेवया घ्याव्यात. तालिया तशीच तर असते.

संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत करायला हा पदार्थ सोयीचा आहे. मसाला तयार असला तर वीस मिनिटं लागतात. मुलं पानावर बसली की विचारतीलच, हे काय आहे म्हणून. तेव्हा त्यांना ताताचं नाव जरूर सांगा.